हंबीररावांना न दिलेला शॉक

मित्रांनो, माणसाच्या छातीवर विजेचा तडाखा हाणणे, एवढे एकच काम मला येते. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका लहान हॉस्पिटलचे मी जुने शॉक मशीन आहे. माझ्या वायरींना चिरा पडल्या आहेत, पडद्याचा एक कोपरा काळा झाला आहे. तडाखा मात्र अजून पहिल्या दिवसाइतकाच जोरात बसतो.

कारखान्यात मला घडवले तेव्हा समोर माणूस नव्हता. एका पेटीवर माझी वीज पुन्हा पुन्हा रिकामी करून पाहिली, एवढेच. पहिला खरा माणूस कोडोलीचा होता. त्याचे हृदय नुसते वळवळत होते. छाती दाबताना त्याच्या दोन फासळ्या मोडल्या, तो आवाज मी ऐकला. मग मी तडाखा दिला. देह खाटेवरून उसळला, केस जळल्याचा वास आला आणि पडद्यावर ठोका उमटला. त्या वर्षी खंडेनवमीला मला झेंडूची माळ घातली, पेढा ठेवला. रुग्णाच्या छातीवर टेकवतात त्या माझ्या दोन पॅडलना हळदकुंकूही लावले, पण ते कोणी नीट पुसले नाही. दुसऱ्या दिवशी एका आजींच्या छातीवर ठिणग्या उडाल्या आणि दोन ठिकाणी कातडी भाजून निघाली. आजी वाचल्या. तेव्हापासून सिस्टर तानाबाई माझ्या पॅडलना सणाच्या दिवशी कोणाला हात लावू देत नाहीत.

पुढे नवे मशीन आले आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर चादरींचे गठ्ठे चढले. गेल्या दिवाळीनंतर ते नवे मशीन दुरुस्तीला गेले, म्हणून मला पुन्हा बाहेर काढले. तेव्हा हंबीरराव माझ्या वाट्याला आले.

हंबीरराव म्हणजे चौदा म्हशींचे मालक. आठ महिने त्यांच्या हृदयाला ठेका नव्हता. वरचे कप्पे मिनिटाला तीन-चारशे वेळा थरथरत आणि खालच्या कप्प्यांना कधीही, कसेही हादरे देत. धार काढताना दम लागे. बादली उचलली की डोळ्यांपुढे अंधारी येई. पित्त समजून काही आठवडे गेले. मग दंडाला ताईत आला. मग कोणीतरी झोपेच्या गोळ्या दिल्या. डॉक्टर अदितींनी हृदयाचा आलेख काढला तेव्हा कुठे रोग सापडला. त्यांच्या गोळ्यांनी वेग उतरला, ठेका काही आला नाही. म्हणून शॉक ठरला.

त्याआधी तीन आठवडे रक्त पातळ ठेवणारी गोळी एकदाही न चुकवता घ्यायची होती. थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते. शॉकनंतर हृदय जोराने आवळू लागले की ती गुठळी सुटून मेंदूत जाऊ शकते.

नेमका त्या तीन आठवड्यांत दिवाळीचा पाडवा आला. पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगे रंगवतात, मोरपिसे बांधतात. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढे सुटतो आणि त्याच्या हाकेवर म्हैस गर्दी फोडत मागे धावते.

शॉकच्या दिवशी, भूल देण्याआधी, मला एकदा पूर्ण भरून पाहिले. मी गुणगुणत होते. हंबीररावांची सून राजनंदिनी दारापाशी उभी होती. चादर सारखी करताना तानाबाईंचा हात हंबीररावांच्या मांडीपाशी थांबला.

"हे काय ओ पावणं?"

"शिंग लागलंय. पाडव्याला."

"गोळी चालू हुती तवा?"

"व्हय की."

"माझ्या भावाला हीच गोळी हाय. नुसतं दार लागलं तरी हात काळानिळा हुतोय त्येचा. तुमाला शिंग लागलं आणि एवढासाच पिवळा डाग? खरं बोला."

हंबीररावांनी चादर मांडीवर ओढून घेतली.

"मामा, मी रोज हातावर देत हुते की गोळी," राजनंदिनी म्हणाली.

"धा दिवस मोरीत टाकली. शिंग लागल्यावर रगत थांबलं न्हाई तर? आणि माझी म्हस माझ्याबिगर कुणाच्या मागं पळत न्हाई."

"म्हशीला चारली न्हाई हे नशीब," तानाबाई म्हणाल्या. "तिलाबी हितंच आणून झोपवाय लागलं असतं."

डॉक्टर अदिती म्हणाल्या, "मग आज शॉक नाही."

हंबीरराव ताडकन उठले. छातीवरच्या तारा ओरबाडून काढल्या. लाथेसरशी औषधांचा ट्रे भिंतीवर आदळला. "आठ म्हयनं छातीत म्हशी उधळल्यात माझ्या! मेलो तर मेलो. तुमी देत न्हाई तर मी घेतो." त्यांनी माझे दोन्ही पॅडल हिसकावले. राजनंदिनीने त्यांचे मनगट धरले. त्यांनी तिला असे झिडकारले, की तिचे कपाळ खाटेच्या लोखंडी दांड्यावर फुटले.

मित्रांनो, मी तयार होते. मला भरले की सुटावेसेच वाटते. डॉक्टर अदितींनी माझी कळ फिरवली आणि भरलेली सारी वीज माझ्याच पोटात जिरली. खट्ट असा आवाज झाला, बस्स. सुनेच्या भुवईवरून रक्त ओघळत होते. ते पाहून हंबीररावांनी पॅडल खाली ठेवले आणि ते गुडघ्यांत डोके घालून बसले.

घशातून नळी घालून हृदयाची सोनोग्राफी केली. वरच्या डाव्या कप्प्यात हरभऱ्याएवढी गुठळी होती.

पुढचे सात आठवडे राजनंदिनीने गोळी दिली की सासऱ्यांना जीभ वर करून दाखवायला लावली. कपाळावर तीन टाक्यांची खूण घेऊन ती समोर उभी राही, त्यामुळे हंबीररावांना नाही म्हणता येईना. गुठळी विरघळल्यावर ते पुन्हा आले. नवे मशीन अजून परतले नव्हते. भूल चढली. मी त्यांच्या ठोक्याचे टोक नेमके धरले आणि हाणले. देह उसळला, ठेका तसाच वेडावाकडा राहिला. वीज वाढवली. दुसऱ्या तडाख्याने हात हवेत उडाले, पाठ कमानीसारखी वाकली, पडद्यावरची रेघ क्षणभर सपाट झाली. राजनंदिनीने दाराची चौकट घट्ट धरली. मग एक ठोका आला. मग तेवढ्याच अंतराने दुसरा.

हा ठेका कायम टिकेल असे डॉक्टर अदितींनी सांगितलेले नाही. बिघडला तर पुढचा इलाज बघू, म्हणाल्या. गोळी मात्र चालू राहील.

मित्रांनो, माझे पॅडल स्वच्छ ठेवा, बॅटरी भरलेली ठेवा, हे तर मी मागतेच. पण मला फक्त ठोका दिसतो, मोरीत टाकलेली गोळी दिसत नाही. तुमच्या घरात कोणाची गोळी चुकली असेल, तर डॉक्टर रागावतील ही भीती न बाळगता त्यांना सांगा. आधी सांगितले तर मला थांबवता येते. एकदा सुटले की मला परत बोलावता येत नाही.