शर्यतीच्या वेढ्यात अडकलेली रुग्णवाहिका

मी एक जुनी रुग्णवाहिका आहे. धुळ्याजवळच्या एका गावात, आरोग्य केंद्रामागच्या बाभळीखाली मी उभी असते. चाकांतली हवा कधीच गेली. मित्रांनो, अंगात बळ असताना मी एकदा अशी अडकले, की ते आजही विसरले नाही.

सरपंच अभिमन आबांनी खटपट करून मोटारींची मोठी शर्यत गावात आणली. तिच्यासाठी खड्ड्यांचा रस्ता डांबरी झाला. भरीत-भाकरी विकणाऱ्या मंजुळाबाईंपुढून गर्दी हटेना. मलाही धुऊनपुसून, हार घालून शर्यतीच्या मार्गाजवळ उभे केले. जखमी स्पर्धकासाठी रुग्णवाहिका हवीच, ती हलली तर शर्यत थांबणार, असा नियम होता.

गाड्या सुटल्या. आवाजाने माझ्या काचा थरथरू लागल्या. तेवढ्यात मळ्यातून भिकुबाई धापा टाकत आल्या.

"भिकन भाऊ, गाडी काढ. मनी सून अडी गयी."

माझ्या चालकाने, भिकनने, लगेच किल्ली फिरवली. आयोजकांचा माणूस आडवा आला. "ही हलायची नाही. दुसरी मागवा."

दुसरी येणार कुठून? गावात यायचा एकुलता एक रस्ता शर्यतीनेच अडवला होता. तिकडे भिकुबाईंची सून सारिका बाळंतपणात अडून खाटेवर तळमळत होती, आणि मी चार चाकांची असून जागची हलू शकत नव्हते.

भिकुबाई मंचासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाहुण्यांत बसलेल्या आबांनी मान खाली घातली. बराच वेळ गेला. मग ते उठले. "शर्यत थांबवा."

"आबा, आम्ही पुन्हा इथे येणार नाही," आयोजक म्हणाले.

"नका येऊ. गाडी जाऊ द्या."

सारिकाला घेऊन मी त्याच नव्या रस्त्याने धुळ्याच्या मोठ्या दवाखान्याकडे धावले. जुन्या खड्ड्यांतून ती जिवंत पोहोचली नसती. ती वाचली, पण बाळ गेले. थोडे आधी आणायला हवे होते, असे डॉक्टर म्हणाले.

शर्यत पुन्हा आली नाही. लोक आबांना बोल लावू लागले, तेव्हा स्वतःचा भरीत-भाकरीचा धंदा बसूनही मंजुळाबाई म्हणाल्या, "धंदा बसना ते बसू द्या. आबानी बराबर करं." सारिका त्याच रस्त्याने रोज मळ्यात जाते. रस्त्याला ती वाईट म्हणत नाही. फक्त माझ्याजवळून जाताना तिची पावले मंदावतात.

मित्रांनो, शर्यती भरवा, रस्ते बांधा, पाहुणे बोलवा. पण आधी माझ्यासारखीची वाट मोकळी ठेवा, मगच गाड्या सोडा.