पालमाच्या मॅन्डोलिनवरच्या जाड तारा

नुन्झियो मॅन्डोलिन काखोटीला मारून दारात उभा राहिला, तेव्हा डोन्ना एर्सिलियाने आधी वाद्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. दोघांपैकी कीव आली ती वाद्याची.

मॅन्डोलिन तिच्या धाकट्या बहिणीचं, पालमाचं. पालमा गेली आणि वाद्य तिच्या नवऱ्याकडे, नुन्झियोकडे राहिलं. कास्तेल्लामारेच्या गोदीत जन्मभर जहाजांचे पत्रे ठोकलेला माणूस. त्याच्या हाती ते देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असं एर्सिलिया मयतीच्या दिवशीच बोलली होती. तरी पाद्रीबाबांनी त्याला चर्चच्या वाद्यमंडळात पालमाच्या खुर्चीवर बसवलं, आणि मंडळ चालवायची एर्सिलिया. पाद्रीबाबांना सुरातलं काय कळतं, असंही ती बोलली होती, आणि त्यांच्या तोंडावर.

"डोन्ना एर्सिलिया, पहिली तार सारखी तुटते," नुन्झियो म्हणाला. "बाकीच्या झणझणतात. समुद्राची हवा बाधली असेल."

"हवा तुझ्या डोक्यात शिरलीय. आण इकडे."

खिडकीपाशी नेऊन तिने वाद्य तिरकं धरलं. तारा पेलणाऱ्या घोडीखालची तबली, म्हणजे वरची पातळ फळी, खोल दबली होती. वर चढवलेल्या तारा अमेरिकेतल्या सपाट पाठीच्या, दणकट मॅन्डोलिनला लावतात तसल्या.

"ह्या कुणी दिल्या तुला?"

"नापोलीच्या दुकानातून आणल्या. मीच मागितल्या, सगळ्यात जाड."

"कशाला, कपडे वाळत घालायला?"

तिने दबलेल्या तबलीवर बोट टेकवलं.

"हे भोपळ्याच्या पाठीचं जुनं वाद्य आहे, याची तबली पापडासारखी असते. एवढा ताण दिल्यावर ती दबणार, घोडी खाली जाणार आणि तारा पडद्यांना घासणार. म्हणून झणझण. आणि पहिली तुटते कुठे, वर खुंटीशी की खाली?"

"तुटते एवढंच ठाऊक."

"तेवढंच ठाऊक असणार."

तारांची टोकं अडकवायच्या खालच्या आकड्यांवरून तिने बोट फिरवलं. एका आकड्याची कड धारदार होती. नखांच्या कानशीने तिने ती घासून गुळगुळीत केली. मग सगळ्या तारा थोड्या सैल केल्या आणि एकेक जोडी काढून त्याजागी आपल्या पेटीतली बारीक जोडी चढवू लागली. घोडी नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते, सगळ्या एकदम काढल्या की ती हलते, हे त्याला सांगायचे श्रमही तिने घेतले नाहीत. पालमाने हे वाद्य किती जपलं होतं, ते आठवून तिचा हात मात्र दर खुंटीला जास्तच रागाने वळत होता.

सूर जुळल्यावर तिने नखीने पहिली तार छेडली. स्वच्छ, बारीक आवाज उठला. नुन्झियो रस्त्याकडे बघत होता.

"आता बरं वाटतंय?"

तो बघतच राहिला. तिने पुन्हा छेडली.

"लावली का पहिली?" त्याने वळून विचारलं.

एर्सिलियाने वाद्य मांडीवर ठेवलं. "तुला ऐकूच येत नाही."

"डाव्या कानाने येतं थोडं," तो खाली मान घालून म्हणाला. "पालमा वाजवायची ते समजायचं. नंतर नंतर हे वरचे सूर गायबच झाले. जाड तारा लावल्या तर भोपळा छातीशी धरून निदान थरथर कळते."

"आणि हे मंडळात कुणाला सांगितलं नाहीस."

"तुम्ही खुर्ची काढून घेतली असती."

"काढलीच असती."

तिने उठून कॉफी चढवली. त्याला विचारलं नाही, पण कप दोन काढले.

चर्चच्या उत्सवाच्या संध्याकाळी, मंडळ वाजवायला बसण्याआधी, तिने पालमाची खुर्ची उचलून आपल्या डावीकडून उजवीकडे आणली, म्हणजे नुन्झियोचा डावा कान तिच्याकडे राहील. तरी दोन ठिकाणी तो मागे पडलाच. मध्यंतरात गिटारवाला कातेल्लो तिच्याजवळ आला.

"डोन्ना एर्सिलिया, या ठोकळ्यापेक्षा माझा भाचा बसवू या की."

"तुझ्या भाच्याचे दोन्ही कान शाबूत आहेत, आणि तरी तो तसा वाजवतो," ती म्हणाली. "ह्याच्याकडे निदान कारण तरी आहे."

नुन्झियो पलीकडे ताराल्लो, बिस्किटासारखं कडक कडं, कुरतडत बसला होता. तिने त्याच्या बाहीला हिसका दिला, तुकडे झटक म्हणून खूण केली आणि आपलं मॅन्डोलिन त्याच्या डाव्या कानाशी नेऊन पुढच्या गाण्याचा सूर छेडला.