चित्रामागचं नाव

"आता हे उलटं करा," मारिन्कोविचबाई म्हणाल्या, आणि वेलिझारने सतरावं चित्र भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथं घातलं.

बाई कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञ होत्या. हातांत पांढरे हातमोजे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. चित्राच्या चेहऱ्याकडे त्या क्षणभर बघायच्या, पाठ मात्र सावकाश वाचायच्या. कारण न्यायाधीशांनी घटस्फोटाच्या निकालात साफ सांगितलं होतं, दोघांनी मिळून कमावलेलं ते निम्मं-निम्मं, पण कुणी भेट दिलेलं असेल तर ज्याला दिलं त्याचं. आणि पेत्रोवारादिन किल्ल्यातल्या चित्रकारांची रीत अशी की भेटीच्या चित्रामागे घरधन्याचं नाव लिहायचं.

"'बंधू वेलिझारला, न विसरता येणाऱ्या मेजवानीबद्दल,'" बाईंनी वाचलं.

"माझं," वेलिझार म्हणाला.

रादोयका, आतापर्यंतची त्याची बायको, खिडकीशी उभी होती. ती मेजवानी तीही विसरली नव्हती. आदल्या दिवसापासून बसून तिने कोबीच्या पानांत खिमा गुंडाळला होता. दोनशे गुंडाळ्या केल्या, आणि स्वतःच्या ताटात वाढून घ्यायची वेळ आली तेव्हा तिच्यासाठी पातेल्याचा तळ उरला होता.

किल्ल्याखाली दोघांनी चौतीस वर्षं खानावळ चालवली. वरती किल्ल्यात चित्रकारांच्या खोल्या. युद्धाच्या काळात सकाळचा पगार संध्याकाळी पाव आणायलाही पुरेना, तेव्हा ही मंडळी जेवायला यायची आणि पैशांऐवजी चित्र ठेवून जायची. वेलिझार त्यांच्यात बसायचा, रकियाची दारू ओतायचा, गाणी म्हणायचा, रडायचासुद्धा. घेवड्याचं सूप, माशाचा रस्सा, भाकऱ्या हे सगळं आतून आपोआप येत असावं अशी त्याची समजूत होती. हात ओला तर मैत्र भला म्हणतात. इथे ओला हात रादोयकाचा आणि मैत्र वेलिझारचे. सगळे तिला वहिनी म्हणायचे, तोंड भरून म्हणायचे, पण सतरा चित्रांच्या पाठीवर एकालाही वहिनी आठवली नव्हती. आता त्यातल्या निम्म्या चित्रकारांची कामं संग्रहालयात लटकत होती, आणि वेलिझारचं बेलग्रेडचं दुसरं बिऱ्हाड नव्या भिंती रंगवून चित्रांची वाट बघत होतं.

"तुला काही बोलायचंय?" त्याने विचारलं.

"चित्रं तुझीच आहेत. तुझ्या बायकोने नुसता स्वयंपाक केला."

"बघा बाई, ही अशी! टोमणे मारण्यात हिचा हात कुणी धरणार नाही."

मारिन्कोविचबाईंनी वर पाहिलं नाही. "अजून एक राहिलंय ना? यादीत अठरा आहेत."

अठरावं स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीशेजारी होतं. रादोयकाने वकिलाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाकी सगळी गेली तरी चालतील, मला एवढं एक हवं.

ते तिचंच चित्र होतं. डोक्याला फडकं बांधलेली बाई मोठा कार्प मासा साफ करतेय, कोपरापर्यंत खवले चिकटलेत, आणि मान वर करून समोरच्याला काहीतरी सुनावण्याच्या बेतात आहे. त्याच चित्रकारांतल्या त्रिवूनने काढलेलं. त्याच्या खोलीत त्या हिवाळ्यात जळण नव्हतं आणि छातीत खोकला मुक्कामाला आला होता. तो दिवसभर तिच्या चुलीशी बसायचा. वेलिझार तेव्हाही कुठेतरी बाहेरच असायचा. अकरा दिवस त्रिवून तिला बघत होता. लग्नानंतर इतका वेळ तिच्याकडे कुणीच बघितलं नव्हतं.

त्याचे हात इतके कापायचे की कुंचला धरवेना. मग त्याने तिचीच लोणी लावायची सुरी घेतली आणि त्या सुरीनेच रंग थापला. चित्र झाल्यावर म्हणाला, "वहिनी, मागे तुम्हीच लिहा. बारीक अक्षर मला काढवत नाही. आणि तुमचं नाव घाला, कळलं?"

"माझं? घरात नवरा असताना? लोक काय म्हणतील!"

असं म्हणून तिने पेन्सिलीने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'वेलिझारला, त्रिवूनकडून.' आपल्याच हाताने धोंडा उचलला आणि नेम धरून आपल्याच पायावर टाकला. त्रिवून खोकता खोकता हसला. "वहिनी, वेड्या आहात तुम्ही." ईस्टरच्या आत तो गेला. वेलिझार घरी आला तेव्हा चित्र भिंतीवर होतं. कुणी काढलं असं त्याने तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

आता बाईंनी ते पालथं घातलं आणि वाचलं.

"त्रिवूनचं?" वेलिझार ताडकन पुढे आला. "माझ्या स्वयंपाकघरात त्रिवून? आणि मला पत्ता नाही!"

बाईंनी भिंग काढलं. ते एकेका अक्षरावरून फिरवलं.

"हे त्याचं अक्षर नाही. आज त्याच्या चार चित्रांवर पाहिलंय मी. तो रंगही पातळ लावायचा, हा तर लिंपलाय. पुढे सही नाही. कुणीतरी त्याचं नाव घातलंय." त्यांनी कागदावर लिहायला घेतलं. "हौशी हाताची नक्कल. किंमत नाही."

वेलिझारचा चेहरा पडला, आणि लगेच सावरला. "तरीच! अहो, त्रिवूनला कलादालनवाले हात जोडायचे. तो हिचे खवले कशाला रंगवत बसेल? कुणी नवशिक्याने जेवणाच्या बदल्यात काहीतरी फासलं असेल. घे गं, तूच घे. माझ्याकडून भेट समज."

मिळालं होतं. रादोयकाने फक्त गप्प बसायचं होतं. बाईंचं पेन ओळीच्या शेवटापर्यंत पोचेस्तोवर. उभ्या आयुष्यात ती गप्पच बसत आली होती, आणखी एका ओळीने काही बिघडणार नव्हतं. वेलिझार तर घड्याळ बघायलाही लागला होता. पण 'नवशिक्या' हा शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला.

"ते त्रिवूनचंच आहे," ती म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"चौकट काढा. नवं कापड नव्हतं, म्हणून स्वतःचं जुनं चित्र खरवडून त्यावर काढलंय. खालची दुमडलेली कड उलगडा. त्याची जुनी सही तिथे आहे."

बाईंनी खिळे काढले, कड उलगडली. सही होती. त्यांनी मघाची ओळ खोडली.

"मग मागचं कुणी लिहिलं?"

"मी. त्याचा हात चालत नव्हता. त्याने माझं नाव लिहायला सांगितलं होतं."

"कुणी ऐकलं होतं?"

"चुलीने."

वेलिझार मोठ्याने हसला. "चुलीला बोलवा साक्षीला! बाई, स्वतःच्या अक्षरात लिहिलंय हिने. वेलिझारला!"

"रादोयकाबाई," मारिन्कोविचबाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "मला जे लिहिलेलं आहे तेच नोंदवता येतं."

"नोंदवा."

"गप्प राहिला असतात, तर..."

"माहीत आहे मला."

"मग बोललात कशाला?"

"माझ्या चुलीशी बसून त्याने शेवटचं काम केलं. ते मी नवशिक्याच्या नावावर घालू? मला चित्र हवं होतं, बाई. पण इतकं स्वस्तात नको."

वेलिझारला काहीतरी बोलायचं होतं, पण बाईंनी त्याच्यापुढे कागद सरकवला. "इथे सही करा." त्याने अठरा ठिकाणी सही केली.

दुपारी दोन हमाल टेम्पो घेऊन आले. सतरा चित्रं भराभर गेली. अठरावं रुंद होतं, आणि खानावळीचं मागचं दार सारखं आपोआप मिटायचं.

"मावशी, जरा दार धरता का?" पुढचा हमाल म्हणाला.

रादोयकाने पाठ लावून दार धरलं. दोघं चित्र आडवं करून तिच्या अंगावरूनच बाहेर पडले. चित्रावर घातलेलं पोतं घसरलं होतं.

"मावशी, तुम्हीच ना ह्या?" मागच्याने थांबून विचारलं.

"हो. पायरी आहे, बघून उतर," ती म्हणाली, आणि ते टेम्पोपर्यंत पोचेपर्यंत तिने दार सोडलं नाही.