आवाज न करता आलेली गाडी

दवाखान्याच्या धुलाईखान्यात तिची पहाटेची पाळी असायची आणि त्या वेळी बस नसायची. म्हणून जुनीपुराणी, स्वस्तातली का होईना, विजेवर चालणारी चारचाकी गाडी घ्यायचं तिनं ठरवलं. नवरा जहाजावर कामाला, त्यामुळे गाडी बघायला सोबत सासूबाई आल्या.

"बॅटरी म्हातारी झालीय," विकणारी बाई सरळच म्हणाली. "गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येता येतं. त्यापुढे दम टाकते."

"म्हणजे माझ्यासारखीच की," सासूबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या.

बाई हसली नाही. तिचं सारखं रस्त्याकडे लक्ष होतं. "आजच नेणार असाल तर आणखी कमी करते."

सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चोरीची नाही ना गं?"

"माझ्या नावावर आहे, काकू. माझ्या पगारातून घेतलीय. चक्कर मारून या, तोवर मी कागद काढते."

गाडी चांगली होती. चढावर जरा कुरकुरली, पण ब्रेक पक्के होते. सूनबाईचा जीव गाडीत अडकला. दोघी खुशीत परत फाटकातून आत वळल्या आणि सुनेनं गाडी जागीच थांबवली.

अंगणात बाई गुडघ्यांवर पडली होती. तिचा नवरा पाठमोरा उभा राहून चाकं खोलायच्या पान्यानं तिला मारत होता. "मला न विचारता विकतेस?" प्रत्येक शब्दाला एक घाव. तिनं डोक्यावर धरलेला हात कोपराखाली वेडावाकडा लोंबत होता. कागद रक्तात भिजले होते.

"हॉर्न वाजव!" सासूबाई किंचाळल्या.

हॉर्न तिच्या अंगठ्याखालीच होता. पान्याचा हात पुन्हा वर गेला. तिनं हॉर्न दाबला नाही, पाय दाबला.

गाडीची चाहूल त्याला लागलीच नाही. धडकेनं तो भिंतीवर आपटला, त्याचा पाय बंपर आणि भिंतीच्या मध्ये सापडला आणि हाड मोडल्याचा आवाज बंद काचांमधूनही आत आला. तरी तो थांबेना. बॉनेटवर आडवा होऊन त्यानं पाना काचेवर हाणला, पुन्हा हाणला. काच फुटून सासूबाईंच्या केसांत सांडली. तिनं गाडी मागे घेतली तसा तो खाली कोसळला.

पाना बाईपाशी घरंगळत गेला. तिनं तो धडधाकट हातानं उचलला आणि नवऱ्याच्या डोक्यावर उगारला. सासूबाई कधी उतरल्या, कळलंही नाही.

"दे इकडे," त्यांनी तिचं मनगट धरलं. "आधी तुझा हात बांधू. रक्त बघ किती जातंय."

बाईनं पाना सोडला आणि हंबरडा फोडला.

पोलिसांनी विचारलं, "ब्रेक लागला नाही का?"

"जुनी गाडी हो," सासूबाई घाईनं म्हणाल्या, "तिचे ब्रेक कसले..."

"ब्रेक चांगले आहेत," सून म्हणाली. "मी दाबला नाही."

 घरी परतल्यावर दारातच सासूबाईंनी तिचा चेहरा ओंजळीत धरला. "खरं बोललीस, पण माझ्या तोंडचं पाणी पळवलंस."

खटला उभा राहिला. प्लास्टरातला हात गळ्यात अडकवून बाई साक्षीला आली आणि अंगावरचे जुने, नवे सगळे वण तिनं दाखवले. सून सुटली. तो माणूस कुबड्यांवर तुरुंगात गेला. बाईनं गाडीला नवी काच बसवून दिली आणि ठरल्या भावात किल्ली हातात ठेवली.

पहिल्याच दिवशी, सासूबाई शेजारी बसलेल्या असताना, वळणावर एक म्हातारा पाठमोरा रस्ता ओलांडत होता. चांगला लांब होता. तरी तिनं करकचून ब्रेक दाबला. तो पार पलीकडच्या फुटपाथवर चढला, तरी तिचा पाय उचलेना. मागून लोक शिव्या घालू लागले.

"आई, किती हलकं असतं हो ते वेगाचं पेडल," ती म्हणाली. "त्या दिवशी जोरसुद्धा लावावा लागला नव्हता."

सासूबाईंनी काच खाली करून मागच्यांना हातानं थांबायची खूण केली. मग त्या तिच्याकडे वळल्या. "बस शांत. आपल्याला कसलीच घाई नाही."