बुडावरचा अंगठा

आमच्या कारखान्यात शिकवण्यासाठी शरीराची मॉडेलं बनतात. हृदय, डोळा, कान, मूत्रपिंड, सगळी दर्शनी कपाटात मांडलेली. फक्त स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांचं मॉडेल मागच्या खोलीत, फडक्यात गुंडाळलेलं. त्याचा साचा आजोबांचा, अण्णांचा. त्यांनी अर्धी बाजू घडवली आणि तिचंच उलटं रूप शेजारी जोडलं. त्यामुळे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या, शिश्निकेच्या, म्हणजे क्लिटोरिसच्या, जागी नुसता ठिपका, आणि मूत्रद्वाराचा पत्ताच नाही.

"अण्णांनी विचारायचं तरी कुणाला?" मी म्हटलं.

"आमची आई होती की घरात!" आत्या ब्रश धुता धुता हसली. ती रंगकाम करते.

नर्सिंग शाळेच्या बाईंनी मॉडेल परत पाठवलं. लघवीची नळी घालायला मुलींना शिकवायचं कशावर?

"नवं मी घडवते," मी बाबांना म्हणाले. जीवशास्त्राची पदवी घेऊन मी नुकतीच इथे रुजू झाले होते.

"घडव. पण अंगठा मी सांगितल्यावर."

अंगठा ही आमच्याकडची सही. मॉडेल बाबांच्या पसंतीस उतरलं, की घडवणाऱ्यानं बुडाच्या ओल्या प्लास्टरवर अंगठा उमटवायचा. माझा अजून एकाही मॉडेलवर नव्हता.

मी पुस्तकं पालथी घातली, बाईंना भेटले, आरसा हातात घेतला. बाहेरचे ओठ भरीव. आतले पातळ, मऊ रबराचे, त्यातला डावा जरा लांब. वर ते जुळतात तिथे त्वचेच्या टोपीखाली शिश्निकेचं टोक. तिचा बराचसा भाग आत दडलेला असतो, म्हणून एक बाजू उघडता येईल अशी केली. टोकाच्या खाली इवलंसं मूत्रद्वार, त्याखाली योनिद्वार.

आत्यानं रंगात तपकिरी मिसळला. "इतकी वर्षं बाहुलीचे गाल रंगवल्यासारखी रंगवत होते मी!"

बाबांनी मॉडेल उजेडात धरलं. "डावी बाजू खाली आलीय. साचा सरकला."

"सरकला नाही, बाबा. पुष्कळ जणींचं असंच असतं."

बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल.

"तुझे कान तरी कुठे सारखे आहेत रे?" आत्या म्हणाली. "चष्मा जन्माचा तिरका!"

कानांची मॉडेलं घडवण्यात हयात गेलेल्या बाबांनी नकळत चष्मा सरळ केला. तो पुन्हा तिरका झाला. मग त्यांनी सरावाची बारीक नळी घेतली, आतले ओठ बोटांनी बाजूला केले, जागा शोधली. नळी अलगद आत गेली. त्यांनी ती काढली आणि पुन्हा घालून पाहिली.

"प्लास्टर कालव," ते म्हणाले.

मी अंगठा दाबला. इतका जोरात, की नखसुद्धा उमटलं.

बाबांनी जुनं फडकं उचललं. आता हेही गुंडाळणार, असं मला वाटलं. त्यांनी त्या फडक्यानं कपाटाची काच पुसली, स्वतः घडवलेला कान सरकवला आणि मधोमध जागा केली.

"कुणी विचारलं कुणाचं काम, तर उलटं करून अंगठा दाखवायचा."

"अरे, आधी सुलटं तर बघू दे लोकांना!" आत्या म्हणाली.