मला उलटा करून बघा

मी बायकांचा कोट बोलतोय. आवाज जरा चढलाय माझा, त्याला इलाज नाही. एरवी माझ्यासारख्या वस्तू बोलायला लागल्या की हळव्या होतात. मला तेवढी सवड नाही, माझी पाठ उसवलेली आहे.

माझा जन्म एका फॅशनच्या पेढीत झाला. करड्या लोकरी कापडाचा एक तागा आला, लांब टेबलावर उलगडला, आणि त्यातून एकाच दिवशी दोन कोट बेतले गेले. एक पुरुषांचा, एक बायकांचा. पुरुषांचा तो माझा जुळा भाऊ. तेच कापड, तेच अस्तर, बटणंही एकाच डबीतली. पेढीला असा जोडीचाच कोट काढायचा होता, नवरा-बायकोने मिळून घ्यावा असा. माझी किंमत तर भावापेक्षा थोडी जास्तच ठेवली होती. का, ते मला अजून कळलेलं नाही.

भावाला बेतलं ते सरांनी, मला ताईंनी. दोघं एकाच ठिकाणी शिकले आणि पेढीत एकाच दिवशी रुजू झाले. हुद्दा एकच, खुर्च्यासुद्धा सारख्या. फक्त त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात आणि हिला ‘ताई’. ताई म्हणण्यात वाईट काही नाही म्हणा. पण ताईला ‘जरा हे पण बघून द्या ना’ म्हणता येतं, सरांना म्हणता येत नाही.

सर वर्षानुवर्षं तोच कोट करतात. कधी बटण थोडं खाली घेतात, कधी कॉलर थोडी अरुंद करतात. लोक म्हणतात, वा, काय ठेहराव आहे! ताईंनी मागच्या मोसमातली कॉलर पुन्हा लावली, तर जिन्यात कुजबुज झाली, ‘आताशा सुचत नाही वाटतं.’ सरांचा एखादा कोट फसला की तो प्रयोग असतो. ताईंचा फसला की घाई झालेली असते. सर उशिरा आले की विचारात असतात. ताई वेळेवर निघाल्या की त्यांचं लक्ष घरी असतं.

त्यांचं लक्ष घरी असायचंच. बाळ दहा महिन्यांचं होतं आणि सासूबाईंचे गुडघे दुखत होते. तोंडात टाचण्या धरून ताई फोनकडे बघत. ‘खोकला आहे का? कसला? कोरडा की ओला?’ असं पुटपुटत. मुलगा सरांनाही आहे, ताईंच्या बाळाहून दोनच वर्षांनी मोठा. त्याला कोण सांभाळतं, हे आजवर कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

सरांच्या बाजूला कापडी पुतळे तीन. एक सडपातळ, एक मध्यम, एक चांगला ढेरी सुटलेला. त्या ढेरीवाल्याला सगळे लाडाने ‘शेठ’ म्हणतात. ताईंच्या बाजूला पुतळा एकच, आणि त्याने जन्मात कधी पोटभर खाल्लं असेल असं वाटत नाही. मला त्याच्यावरच बेतलं.

पण बेतताना ताईंनी एक गोष्ट केली, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं. पाठीच्या आणि दोन्ही कुशींच्या शिवणीत त्यांनी चांगलं तीन बोटं कापड आत राखलं. शिवणकामात याला माया म्हणतात. अंग भरलं, की शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर घ्यायचं, पुन्हा शिवायचं. कोट तोच राहतो, माणूस बदललं तरी. पुरुषांच्या चांगल्या कोटात ती असतेच. भावाच्या आत होतीच, त्याबद्दल कुणाला काही बोलावंही लागलं नव्हतं.

माझ्या वेळी बोलावं लागलं.

पेढीच्या मालकीणबाई, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, माझ्या शिवणीवरून बोट फिरवत म्हणाल्या, ‘हे काय गं? आत गोधडी भरलीस का?’

‘माया ठेवलीय,’ ताई म्हणाल्या. ‘सरांच्या कोटात आहे तेवढीच.’

‘त्यांचं वेगळं. पुरुष एक कोट दहा वर्षं घालतो.’

‘बाईला पण घालता येईल की. मूल झालं, आजारपण आलं, वय झालं, तरी…’

‘अगं वेडे,’ मोठ्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, मोठ्या बहिणीने समजूत काढावी तशा. ‘बाई जाड झाली की नवा कोट घेते. तेवढाच तर आपला धंदा आहे. काप ते.’

सर तिथेच होते, खडूला टोक काढत. टोक काढून झालं तरी काढत राहिले.

मग मला ओव्हरलॉकच्या मशीनवर घातलं. त्या मशीनला सुईजवळ एक छोटी सुरी असते, टाका घालता घालता ती कडेचं कापड छाटत जाते. पाठ झाली, एक कूस झाली, दुसरी झाली. छाटलेल्या करड्या पट्ट्या खाली पडल्या आणि केराच्या पिशवीत गेल्या. मशीन ताईंनी स्वतः चालवली. दुसऱ्याला करू दिलं नाही. रागाने की लाजेने, मला तेव्हा कळलं नाही. मला स्वतःलाही आधी वाटलं, की आपलंच काही चुकलं असेल, तीन बोटं जरा जास्तच झाली असतील. राग येण्याआधी स्वतःलाच तपासून घ्यायची ही सवय मी ताईंकडून उचलली.

कोट दाखवण्याच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मोठ्या बाईंच्या डोक्यात नवी कल्पना आली. ‘मॉडेल नकोत. ज्यांनी कोट केले त्यांनीच घालून यायचं. सर आणि ताई, जोडीने. लोकांना आवडतं असं.’

सरांनी भावाला अंगात घातलं. पोटावरचं बटण काजापाशी पोचेना. सगळे खो खो हसले. शिवणारे मास्तर म्हणाले, ‘सर, संसार मानवलाय! शेठच्या पंगतीत बसलात!’ सरही हसले, पोटावर थाप मारून. मास्तरांनी पाठ उसवली, आतली माया बाहेर घेतली, शिवण मारली, इस्त्री फिरवली. चहा येईपर्यंत भाऊ तयार. जसा काही सरांच्या अंगावरच विणला होता.

मग मी. ताईंचे हात बाह्यांत गेले, खांदे बसले, पण पुढून मी मिटेना. दोन्ही कडांत वीतभर अंतर. मास्तरांनी मला उलटा केला. बराच वेळ आत बघत राहिले.

‘ह्यात काहीच नाही,’ ते म्हणाले.

आता कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मोठ्या बाईंनी ताईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘बाळ वर्षाचं होईल आता. थोडं लक्ष द्यायचं होतंस गं स्वतःकडे.’ मग उदार होऊन म्हणाल्या, ‘असू दे. घालू नकोस. खांद्यावर नुसता टाक. छान दिसतं तसं.’

मी त्यांना काय सांगणार? ज्या तीन बोटांनी मी मिटलो असतो, ती तुम्हीच केराच्या पिशवीत टाकायला लावलीत! आणि चूक निघाली कुणाची, तर हिच्या पोटाची. सरांचं पोट म्हणजे भरला संसार, हिचं पोट म्हणजे हलगर्जीपणा. एकाच पेढीत, एकाच आरशासमोर, एकाच दुपारी!

कार्यक्रमाच्या दिवशी ताई मला घेऊन बाथरूममध्ये गेल्या. दाराला आतून कडी घातली. आरशात बघून स्वतःशीच म्हणाल्या, ‘खरंच द्यायला हवं होतं का लक्ष?’ मग फोन वाजला. सासूबाईंचा होता. ‘खातोय गं नीट, झोपला पण होता. तू तुझं काम कर.’ ताईंनी फोन ठेवला. आरशातल्या स्वतःला म्हणाल्या, ‘कधी देणार होतीस गं? आणि कशाला?’ आणि पर्समधून ब्लेड काढलं.

कॉलरच्या खालपासून थेट घेरापर्यंत माझी पाठ उसवली. अस्तरही. दुखलं का विचाराल तर हो, दुखलं. पण ओव्हरलॉकच्या सुरीने दुखलं होतं तसं नाही. मग त्यांनी मला घातलं आणि बटणं लावली. लागली की! समोरून मी असा बसलो होतो की कुणाला शंका येऊ नये.

मंचावर दोघं जोडीने गेले. टाळ्या झाल्या. समोर जोडपी बसली होती, बरीचशी पेढीची जुनी गिऱ्हाइकं, आमचेच कोट घालून आलेली. आधी सर वळले. पाठ सरळ, शिवण नितळ. मग ताई वळल्या.

मी पाठीवर उघडा पडलो होतो आणि आतून ताईंचा पांढरा सदरा दिसत होता. हॉलमध्ये कुणी तरी ‘अगं बाई!’ म्हणालं. काहींना वाटलं फॅशनच आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

‘फॅशन नाहीये ही,’ ताई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण थांबला नाही. ‘हा कोट मी बेतलाय आणि तो मलाच होत नाही. सरांनाही काल त्यांचा होत नव्हता. तो सैल करून दिला, कारण आत कापड होतं. माझ्याही कोटात होतं. ते कापायला लावलं. का, तर मी जाड झाले की तुमच्यासारखं इथे नवा घ्यायला यावं म्हणून. तुमच्याही कोटात नाहीये. घरी गेल्यावर बघा.’

पहिल्या रांगेतल्या एका पिकल्या केसांच्या बाईंना घरी जाईपर्यंत दम धरवला नाही. त्यांनी तिथेच आपल्या कोटाचा घेर उचलला, अस्तर वर केलं, आत बोट घातलं. मग शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘अहो, तुमचा दाखवा बघू.’

‘इथे? आत्ता?’

‘उलटा करा म्हणते ना!’

बिचाऱ्यांनी भर हॉलमध्ये कोट काढला आणि उलटा केला. बाईंनी शिवण चाचपली. नवऱ्याच्या कोटात घसघशीत तीन बोटं कापड होतं. ‘आणि इतकी वर्षं मी रात्रीची भाकरी सोडत होते,’ त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण हॉलमध्ये तेव्हा टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मागे खुर्च्या सरकल्या. रांगारांगांतून अस्तरं उचलली जाऊ लागली.

पडद्यामागे मोठ्या बाई पांढऱ्या पडल्या होत्या. ‘माझ्या पेढीची लाज काढलीस तू.’

‘नाही बाई,’ ताई म्हणाल्या. ‘मी फक्त अस्तर काढलं.’

नंतर सर आले, ताईंच्या टेबलापाशी. हातात करड्या कापडाची एक घडी होती, आमच्याच ताग्यातली.

‘दुरुस्तीसाठी जादा ठेवतात माझ्या कोटांना,’ ते म्हणाले. ‘तुझी पाठ जोडायला होईल.’

‘हे कालपण होतं तुझ्याकडे?’

‘कपाटात होतं.’

‘आणि मी वीतभर उघडी उभी होते तेव्हा तू चहा पीत होतास.’

‘मला कधी मागावंच लागलं नाही गं,’ सर म्हणाले. ‘त्यामुळे दुसऱ्याला लागत असेल, हे डोक्यातच आलं नाही.’

खोटं बोलत नव्हते ते. माणूस वाईट नाही. पण याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

‘खडूचं टोक किती वेळ काढत होतास त्या दिवशी, आठवतंय?’ ताईंनी विचारलं. सरांना आठवत होतं. ते घडी ठेवून निघून गेले. ताईंनी ती घेतली, आभार मात्र मानले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात बायका कोट घालून बघायच्या आधी उलटे करून बघू लागल्या. ‘आत काय आहे दाखवा’ म्हणू लागल्या. त्या पिकल्या केसांच्या बाई तर आपल्या दोन बहिणींना घेऊन आल्या. मोठ्या बाईंना धंदा कळतो. ताईंना काढून टाकणं महागात पडेल हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी हुकूम सोडला, की यापुढे बायकांच्या कोटातही माया ठेवायची.

किती? एक बोट.

आणि वर दुकानाच्या काचेवर पाटी लावली: ‘बदलत्या स्त्रीसाठी आमची खास भेट.’ भेट! भावाला जन्मापासून तीन बोटं, त्याची कधी पाटी लागली नाही. मला एक बोट, तर मी काचेत उभं राहून आभार मानायचे?

मी काचेत नाहीच. मी ताईंच्या टेबलाशेजारी, त्या उपाशी पुतळ्यावर लटकलोय. सरांनी दिलेलं कापड ताईंनी घडी करून माझ्याच खिशात ठेवलंय. पाठ अजून जोडलेली नाही. मास्तरांनी विचारलं, ‘ताई, टाका मारून देऊ का?’ तर म्हणाल्या, ‘नको. बाकीची दोन बोटं मिळाली की.’ रोज सकाळी मोठ्या बाई समोरून जातात तेव्हा ताई मला पाठमोरा करून ठेवतात.

तुमच्याकडे मागणं एकच. उद्या कोट घ्यायला जाल, आरशासमोर उभ्या राहाल, बटण लागणार नाही आणि काउंटरवरचं कुणी तरी गोड आवाजात म्हणेल, ‘मॅडम, मोठ्या मापात बघू या का?’ तेव्हा पोट आत ओढू नका. माझ्या भावाला मागवा. आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवा, उलटे करा, शिवणीत बोट घाला. आणि मग ज्याच्यावर चिडायचं त्याच्यावर चिडा.