जमा डावीकडे, नावे उजवीकडे

मी एक जुना, रेघा आखायचा गोल शिसवी रूळ आहे. पट्टी कागदावर सरकवतात, मला लोळवतात. लाकूड कातून गोल करायच्या चरकावर माझा जन्म झाला. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या हौशीरामनं पुण्याच्या कॉमर्स कॉलेजात नाव घातलं, त्या त्रेसष्ट साली त्यानं मला विकत घेतलं.

मित्रांनो, तो सकाळी आगगाडीनं कॉलेजात जाई आणि संध्याकाळी लोणावळ्यात एका चिक्कीवाल्या शेठजींच्या वह्या लिही. त्या कामाला त्याला वडिलांनीच, सीताराम आबांनी, लावलं होतं. त्यातून फी भागे. दुकानात मला कुणी विचारत नसे. तिथं कागदाला घड्या घालून रकाने पाडत आणि जमा डावीकडे, नावे उजवीकडे लिहीत. कॉलेजात नेमकं उलट. आबांनी बजावलं होतं, की नापास झालास तर नांगर धरायचा.

हिशेबाच्या पेपरात हौशीरामनं माझ्याकडून अशा रेघा आखून घेतल्या, की मास्तरही थांबून बघून गेले. दोन्हीकडची बेरीज जुळली. मी तर फुगलोच.

परतीच्या गाडीत सोबतचा मुलगा सहज म्हणाला, की डावीकडे नावे लिहिताना आपल्याला जागाच पुरली नाही. हौशीराम पांढराफटक पडला. सगळा पेपर त्यानं शेठजींच्या रीतीनं लिहिला होता. बाजू उलटल्या तरी बेरीज जुळतेच, म्हणून कळलंच नाही. मी त्याच्या हातातून निसटून बाकाखाली गडगडलो, तरी तो बघत नव्हता. शेवटी त्या मुलानंच मला उचललं.

आबा गोठ्यात वैरण टाकत होते. हौशीरामनं सगळं सांगितलं.

"म्हंजी तुला येत न्हाई?"

"येतंय, आबा. हाताला दुकानाची सवय लागली."

आबांनी एका बैलाच्या पाठीवर हात ठेवला. आता नांगर, असं वाटून मी पिशवीत गारठलो.

"ह्यो डावीचा बैल," आबा म्हणाले. "उजवीला जुपला तर नांगराचं तास वाकडं जातं. त्यात बैलाचं काय चुकतं? चुकतं जुपणाऱ्याचं. उद्या शेठला सांग, कामाला येत न्हाई म्हनून."

"आन् फी?"

"त्ये मी बघतो. तू एका बाजूनं चाल."

हौशीरामनं आबांच्या हातातली वैरण घेतली आणि बैलांपुढं टाकली.

तो त्या खेपेला नापासच झाला. पुढल्या खेपेला पास झाला आणि कारखान्यात हिशेबनीस झाला. आता छापील रकान्यांच्या वह्या आल्यात. त्याची बायको नंदाबाई सणासुदीला माझ्यानं पुऱ्या लाटते. मित्रांनो, लाटणं बाजारात मिळतं हो, मला पुसून ठेवा. आणि घरात कुणी शिकत असेल, तर त्याला दोन जुवांखाली जुंपू नका.